कामाची ओळख, गावाची सेवा: शाळा कुठवर आली?

मुंबईत वर्सोव्याच्या धक्क्यावरून सुटलेली तर, म्हणजे फेरीबोट, पाच-सात मिनिटांत मढच्या कोळीवाड्याला लागते. रस्त्याने जायचं तर मालाडचा वळसा, बेस्टची २७१ नंबरची बस आणि मार्वे रोडची मर्जी. तरीतून उतरलं की आधी वास पोचतो, मग वलांड्या दिसतात. बांबूंच्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, दोन-दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ही अडकवण्याची लकब चुकली तर वाऱ्याने बोंबील खाली येतो. बायका ती इतक्या झपाट्याने करतात की बघणाऱ्याला हात दिसत नाहीत.

मागे वळून खाडीपलीकडे पाहिलं तर वर्सोवा. तिथे १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. मत्स्यविज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी देणारं, देशभरातून विद्यार्थी येणारं हे अभिमत विद्यापीठ. म्हणजे एका काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासळी धरणारे, दुसऱ्या काठावर मासळीचं शास्त्र शिकवणारे. मधल्या वयाची मुलं रोज सकाळी शाळेत जातात आणि राज्य मंडळाच्या नेहमीच्या वेळापत्रकात या दोन्ही काठांना तास नाही.

कोळीवाड्यातल्या एका ओट्यावर नववीतल्या मुलीची प्रकल्पवही चाळायला मिळाली. शीर्षक होतं ‘आमच्या परिसरातील व्यवसाय’. तिने सुतार, शिंपी, लोहार, कुंभार लिहिले होते, प्रत्येकाचं चित्र चिकटवलं होतं, आणि खाली शिक्षकांचा ‘छान’ शेरा होता. मढमध्ये कुंभार कुठे आहे, असं विचारल्यावर ती हसली. मासेमारी का नाही लिहिली? “ते तर घरचं काम.” दोन हातांवर तिची आजी जवळा निवडत बसली होती.

माध्यमिक शाळेने मुलांना कामाच्या जगाची ओळख करून द्यावी आणि त्यांना समाजाच्या उपयोगी पडायला शिकवावं, या दोन मागण्या महाराष्ट्रात जुन्या आहेत. कधी त्या एकत्र आल्या, कधी वेगळ्या झाल्या, प्रत्येक धोरणात नव्या नावाने परतल्या. आज राष्ट्रीय धोरणातल्या ‘दप्तराविना दिवसां’मुळे आणि व्यवसाय शिक्षणाच्या नव्या पुस्तकांमुळे त्यांची पुन्हा चर्चा आहे. ही चर्चा नेमकी कुठे उभी आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

मागणी जुनीच

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात सरकारी शिक्षण कारकुनीपुरतं आहे, शेतकऱ्याच्या मुलाला व्यवहाराचं आणि शेतीचं ज्ञान मिळत नाही, अशी तक्रार आहे. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या तक्रारीत सापडतं. फुल्यांचा रोख मात्र विसरला जातो: कामाचं शिक्षण त्यांना हवं होतं ते वरच्या शिक्षणाबरोबर, त्याच्या बदल्यात नव्हे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ आकाराला आली. हस्तोद्योग हा एक विषय म्हणून न ठेवता त्याच्यातून गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं, ही तिची धाडसी कल्पना. सूत कातताना गणित येतं, शेतात भूगोल येतो. सेवाग्रामच्या शाळेत ती बरीच वर्षं चालली, डॉ. अभय बंग तिथेच शिकले आणि त्या शाळेबद्दल त्यांनी मोठ्या आपुलकीने लिहिलंही आहे. राज्यभर मात्र नई तालीमचा तकली-तास झाला. तकली राहिली, तालीम गेली.

भाऊराव पाटलांची वाट वेगळी होती. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये काम हे शिक्षणाचं माध्यम असण्यापेक्षा शिक्षणाचं भांडवल होतं. मुलगा खडी फोडतो, त्यातून त्याचा खर्च निघतो आणि तो शिकून वर जातो. श्रमाला प्रतिष्ठा मिळते, पण खडी फोडणं हे त्याचं भवितव्य ठरत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर कार्यानुभव आणि समाजसेवा असावी, असं सुचवलं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली; पुढे ती कनिष्ठ महाविद्यालयांतही आली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. त्या नावात दोन्ही मागण्या एकाच दोरीत ओवल्या होत्या: काम उत्पादक हवं आणि समाजाच्या उपयोगाचंही हवं. वर्गात याचं काय झालं ते माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. आमच्या कार्यानुभवाच्या तासाला क्रेप कागदाची फुलं, जुन्या कागदांची पाकिटं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर झालं. घर दरवर्षी तेच, फक्त वर्ग बदलायचा. गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की फुलंही नाहीत. प्रगतिपुस्तकात श्रेणी मात्र ‘अ’.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने आकडे धरले. उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत आणायचे. १९९२ मध्ये मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलली, तरी लक्ष्य गाठलं गेलं नाही. महाराष्ट्राने त्याच काळात ‘किमान कौशल्यावर आधारित’ अभ्यासक्रम काढले. लोकांच्या तोंडी ते एमसीव्हीसी. अकरावी-बारावीच्या द्विलक्षी विषयांत मत्स्यप्रक्रियेसारखे विषयही आले. पण एमसीव्हीसीला कोण जातं, याचं उत्तर प्रत्येक गावात एकच होतं: ज्याला सायन्स-कॉमर्स मिळालं नाही तो. त्या शाखेला हा डाग पहिल्या दिवसापासून लागला आणि तो अभ्यासक्रम बदलून धुतला गेला नाही.

निवड ही माहितीची गोष्ट आहे, असं मानणारे

एक बाजू म्हणते, मुलाला आधी स्वतःची आणि मग जगाची माहिती द्या. राज्याच्या व्यवसाय मार्गदर्शन संस्था, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेची ‘वेध’ परिषद, विवेक वेलणकर आणि डॉ. श्रीराम गीत यांच्यासारख्या समुपदेशकांचं लेखन आणि व्याख्यानं, मे-जूनमधले ‘दहावीनंतर पुढे काय?’चे सभागृह भरून होणारे कार्यक्रम, हे सगळं याच परंपरेतलं. डॉक्टर-इंजिनिअर या जोडगोळीपलीकडे मराठी मध्यमवर्गाची नजर वळवण्यात या लोकांचा वाटा मोठा आहे.

सरकारने ही वाट २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर घेतली. दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी झाली. शेती, मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, ते सांगणारा कागद त्याच्या हाती आला. पुढे चाचणी मोबाइलवर आली. २०२० मध्ये युनिसेफच्या साहाय्याने ‘महाकरिअर’ पोर्टल सुरू झालं: नववी ते बारावीसाठी, मराठीसह, शेकडो व्यवसाय, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा. मुंबई महापालिकेच्या शाळांत अंतरंग फाउंडेशनसारख्या संस्था वर्गात जाऊन हेच काम माणसांमार्फत करतात.

या बाजूचं बळ स्पष्ट आहे. लाखो मुलांपर्यंत एकदम पोचता येतं आणि ज्याच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नाही, त्याला ही माहिती घरातून मिळणार नसते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना पुढे काय व्हायचंय ते विचारलं, तर मुलांनी प्रामुख्याने सैन्य-पोलीस आणि मुलींनी शिक्षिका-डॉक्टर सांगितलं. हा अरुंदपणा आपल्यापुरताच नाही. २०२० च्या ‘ओईसीडी’च्या अहवालात ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ४७ टक्के आणि मुलींपैकी ५३ टक्के जणांनी अवघ्या दहा-दहा व्यवसायांतलं एक नाव घेतलं होतं. डोळ्यांना दिसतं तेवढंच स्वप्नात येतं.

आक्षेप असा की चाचणी नेमकी शेवटच्या फलाटावर यायची. दहावीच्या निकालाच्या तोंडावर कल कळून करायचं काय, जेव्हा अकरावीची यादी टक्क्यांवर लागते? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने आजवर यंत्राला हात लावला नसेल तर तिचा ‘तांत्रिक कल’ कागदावर उमटणार कसा? आवड अनुभवातून तयार होते; चाचणी ती मोजते, घडवत नाही. चाचणीचे समर्थकही हे नाकारत नाहीत. ते म्हणतात, अनुभव द्या, पण तो मिळेपर्यंत निदान नकाशा तरी हातात असू द्या.

हाताने शिकवणारे

दुसऱ्या बाजूचं महाराष्ट्रातलं सर्वांत भक्कम उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम बांधला आणि राज्य मंडळाने तो स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने चारही करायचे. मुलीही वेल्डिंग करणार, मुलंही रक्तगट तपासणार.

यातली खरी चतुराई मला चार विभागांपेक्षा एका छोट्या नियमात दिसते. मुलांनी केलेलं काम गावाच्या खऱ्या गरजेचं असावं आणि गावाने त्याचे पैसे द्यावेत. गेट वाकडं झालं तर गिऱ्हाईक ते घेणार नाही. म्हणजे परीक्षक शिक्षक नाही, गाव आहे. कार्यानुभवाच्या क्रेप फुलांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती कशीही झाली तरी ‘अ’ मिळायचा. सेवा आणि काम यांची सांगड पटेल समितीने शब्दांत घातली होती; पाबळने ती पावतीपुस्तकात घातली.

पुण्याच्या लेंड अ हँड इंडियाने हा अभ्यासक्रम राज्यातल्या आणि बाहेरच्या अनेक शाळांत नेला. पुढे राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीत त्याचंच रूप ‘मल्टी स्किल’ म्हणून आलं. तरी मर्यादा उघड आहेत. कार्यशाळा, अवजारं, कच्चा माल आणि स्थानिक कारागीर-निदेशक यांना पैसा लागतो. कलबागांसारखा माणूस शेजारी असताना जे जमतं, ते शासननिर्णयाने जमेल याची खात्री नाही. आणि पाबळ हे गाव आहे. जमिनीचा चौरस फूट हजारोंत मोजणाऱ्या मुंबईच्या उपनगरात, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेने भट्टी कुठे लावायची?

राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट २०१३ मध्ये अधिसूचित झाली आणि तिच्या आधारे नववीपासून रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, ऑटोमोटिव्ह, हेल्थकेअर असे विषय शाळेत आले. हेतू पाबळपेक्षा वेगळा: शिकवण्याचं माध्यम म्हणून काम नको, रोजगाराकडे जाणारी शिडी म्हणून कौशल्य हवं. प्रमाणपत्र, पातळ्या, उद्योगाने मान्य केलेली कसोटी. बोर्डाच्या परीक्षेत तो विषय एका भाषेऐवजी घेता येऊ लागल्यावर मुलं आलीही. प्रश्न शिकवणाऱ्यांचा राहिला. हे व्यवसाय शिक्षक बहुतेक बाहेरच्या संस्थांमार्फत, मानधनावर असतात. ज्या विषयाचा शिक्षक शिक्षकखोलीत पाहुण्यासारखा बसतो, त्या विषयाची पत मुलांना लगेच कळते.

नवं धोरण काय सांगतं

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दोन्ही वाटा एकत्र केल्या. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना. त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे उमेदवारी. (कुंभार इथेही आलाच. तो मढच्या वहीत कुठून शिरला, याचा अंदाज करता येतो.) २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव, हे लक्ष्य होतं. धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाजही दिला आहे: १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. ‘असर २०२३’मध्ये १४ ते १८ वयातले ५.६ टक्के तरुण व्यवसाय प्रशिक्षण घेत होते. वयोगट वेगळे असल्याने दोन्ही आकड्यांची तुलना करू नये, पण दोन्हींतून एकच चित्र दिसतं.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार केले: सजीवांबरोबरचं काम, यंत्र-साहित्याबरोबरचं काम आणि मानवी सेवेतलं काम. सहावी ते आठवीत दरवर्षी प्रत्येकातला एक प्रकल्प. ‘कौशल बोध’ ही एनसीईआरटीची पुस्तकं त्यावर बेतलेली आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये दप्तराविना दिवसांची मार्गदर्शिका आली. महाराष्ट्राचा राज्य आराखडाही २०२४ चाच, आणि त्याच वर्षी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर झाला. मानवी सेवा हा कामाचाच एक प्रकार मानला गेला, ही या आराखड्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रुग्णाची शुश्रूषा किंवा म्हाताऱ्यांची देखभाल हा पुण्यकर्माचा भाग न राहता शिकण्याजोगं, मोबदल्याचं काम ठरतं.

अडचण वयाची आहे. दप्तराविना दिवस आठवीला संपतात. निवड करायची ती दहावीत. मधली दोन वर्षं, जेव्हा मूल खरोखर विचार करू लागतं, तेव्हा शाळा बोर्डाच्या तयारीला लागलेली असते. जपानच्या ह्योगो प्रांताने कोबेच्या भूकंपानंतर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, आठवीच्या वयाच्या मुलांसाठी सलग पाच दिवस गावातल्या दुकानांत, कारखान्यांत, पाळणाघरांत काम करण्याचा आठवडा सुरू केला. तोही आठवीचाच, पण सलग पाच दिवस आणि एकाच जागी. आपले दहा दिवस वर्षभर विखुरले तर त्यांची सहल होते.

सेवा: ऐच्छिक की सक्तीची?

महाराष्ट्रात सेवेची परंपरा शाळेबाहेर अधिक जोमाने वाढली: १९४१ चं राष्ट्र सेवा दल, बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, ज्ञानप्रबोधिनीची शिबिरं, २००६ पासून डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं ‘निर्माण’. यातल्या ‘निर्माण’ने तर सेवा आणि करिअर हा एकच प्रश्न मानला: माझं कौशल्य कुणाच्या कामी येणार? पण तो प्रश्न पदवीच्या वयातल्या मुलांना विचारला जातो. शाळेत उरतं ते रॅली, घोषवाक्य आणि स्वच्छता.

सेवा सक्तीची करावी का, यावर बाहेर बराच अनुभव जमा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने शाळा पूर्ण करायला ७५ तासांची सेवा अट घातली. १९९७ ची तुकडी त्या नियमाखाली पहिली. कॅनडातल्या ओंटारिओत ४० तास. समर्थक म्हणतात, सक्ती नसेल तर सेवा करणारी मुलं ती आधीपासूनच करणारी असतात. विरोधक म्हणतात, मोजून घेतलेल्या तासांतून तास भरण्याची वृत्ती येते. २०११ मध्ये सेलिओ, डुर्लाक आणि डिमनिकी यांनी ६२ अभ्यासांचा, ११,८३७ विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. सेवेतून शिकण्याचा अभ्यासावर, शाळेविषयीच्या ओढीवर आणि सामाजिक कौशल्यांवर अनुकूल परिणाम दिसला. जिथे सेवा अभ्यासक्रमाशी जोडलेली होती, मुलांचं ऐकलं जात होतं, वस्ती सहभागी होती आणि झाल्यावर त्यावर विचार करायला वेळ दिला होता, तिथे परिणाम मोठा होता. आपली राष्ट्रीय सेवा योजना वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर मागते. तास आपण मोजतोच. या चार गोष्टींचा तक्ता कुठे भरला जात नाही.

मढच्या बाजूने हे पाहिलं तर फरक चटकन दिसतो. २०१५ मध्ये अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वर्सोवा किनाऱ्याच्या सफाईनंतर पश्चिम उपनगरांतल्या शाळा-कॉलेजांचा ओघ किनाऱ्यांकडे वळला. रविवारी हातमोजे घातलेली मुलं येतात, पिशव्या भरतात, फोटो काढतात. याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, किनारा खरोखर स्वच्छ होतो. पण डोळ जाळं ओढणाऱ्या खलाशाला प्लास्टिक किनाऱ्यावर शोधावं लागत नाही, ते रोज मासळीबरोबर जाळ्यात येतं आणि निवडून वेगळं करावं लागतं. त्या प्लास्टिकचं महिनाभर वजन करणं, पिशवी-बाटली-दोरी असं वर्गीकरण करणं, उधाणाला किती आणि भांगाला किती ते नोंदवणं, मग वॉर्ड ऑफिसला लिहिणं: यात गणित आहे, भूगोल आहे, नागरिकशास्त्र आहे आणि सेवाही. यात शिकवणारा कोळी, शिकणारा पाहुणा. आजच्या सफाईत कोळीवाडा फक्त पार्श्वभूमीला असतो.

जातीचा प्रश्न

इथवरच्या सगळ्या बाजूंना एक हरकत लागू पडते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळा अर्धा दिवस करून उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्यात शिकावं, अशी योजना आणली. पेरियार आणि द्रमुकने तिला कुलशिक्षण म्हटलं. वर्षभरात राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी १९५४ मध्ये ती योजना गुंडाळली. जात ही कामाबरोबर काम करणाऱ्यांचीही विभागणी करते, हे आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. स्थानिक व्यवसाय शाळेत आणणं म्हणजे कोळ्याच्या मुलाला होडी आणि मोच्याच्या मुलाला आरी, असं होणार असेल तर साधी पुस्तकी शाळा शतपटीने बरी. २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीने शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मुभा दिली, तेव्हाही हीच भीती व्यक्त झाली.

दुसरी बाजू विचारते, मग घरचं ज्ञान शाळेबाहेरच ठेवायचं का? ते ठेवल्याने मूल त्या कामातून सुटत नाही, त्याला फक्त त्याची लाज वाटायला लागते. ‘ते तर घरचं काम’ हे वाक्य त्यातूनच येतं. पाबळचं उत्तर होतं की सगळ्यांनी सगळं करायचं. त्या न्यायाने मासळीचा धडा मढच्या मुलांपेक्षा लोखंडवालाच्या मुलांना जास्त गरजेचा, आणि मढच्या मुलांना कॅमेऱ्याचा, हिशेबाचा, प्रयोगशाळेचा. हे मला पटतं, पण कोणत्याही मार्गदर्शिकेत ते स्पष्ट लिहिलेलं नाही. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक शाळेवर सोडला आहे आणि सोपा अर्थ नेहमी जवळचा असतो.

मढमध्ये स्थानिक म्हणजे फक्त मासळी नाहीच. बंगल्यांत बारमाही शूटिंग चालतं. लाइटमन, सेटचे सुतार, जनरेटरवाले रोज गावातून जातात. मार्व्याला नौदलाचं आयएनएस हमला आहे. मुलं हे सगळं बघत मोठी होतात, पण कुंपणाबाहेरून.

अजून न सुटलेलं

पैसा, शिक्षक आणि मूल्यमापन हे प्रश्न राज्यभर सारखेच आहेत. श्रेणी दिली तर विषयाला वजन नाही, गुण दिले तर गाइड निघतं. मुलींचा प्रश्न त्याहून कमी बोलला जातो. कौशल्य विषयांत मुली ब्युटी-वेलनेसकडे आणि मुलं ऑटोमोटिव्हकडे, ही वाटणी शाळेने केलेली नसते, पण ती मोडण्याचंही कुणी मनावर घेत नाही. कोळीवाड्यात तर बाजार, लिलाव, उधारी हा पैशाचा सगळा व्यवहार बायकांच्या हाती असतो. तो कोणत्याही कौशल्य चौकटीत बसवलेला नाही. आणि या कार्यक्रमांतून गेलेली मुलं पाच-दहा वर्षांनी कुठे आहेत, हे सातत्याने तपासणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे प्रत्येक धोरण आधीच्या धोरणाला अपयशी म्हणून सुरू होतं, ते नेमकं कशात फसलं हे पाहिल्यावाचून.

मढपुरता एक सांधा ठळकपणे निखळलेला दिसतो. वर्सोव्याला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. अटी: वय १८ ते ३५, पोहता यायला हवं, मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव, शिक्षण किमान चौथी पास. त्याच खाडीकाठी मात्स्यिकी विद्यापीठ, जिथे पदवीशिवाय पाय ठेवता येत नाही. चौथी पास आणि पदवीधर यांच्या मधला टप्पा म्हणजेच माध्यमिक शाळा. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मासळी कुठे सापडेल याचा अंदाज रोज होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या मोबाइलवर येतो. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य त्यामागे असतं. नववीच्या भूगोलाला याहून चांगला धडा मिळणं कठीण. केरळने मच्छीमारांच्या मुलांसाठी प्रादेशिक मत्स्य तांत्रिक शाळा काढल्या. तो मार्ग पुन्हा जातीच्या प्रश्नाकडे नेतो का, यावर तिथेही एकमत नाही.

वेळापत्रकाचा प्रश्न त्या मानाने साधा आहे, तरी तो कुणी विचारलेला दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, इंजिनं खोललेली, जाळी विणायला घेतलेली, नाखवा आणि तांडेल घरी. वर्षभरात एवढे जाणकार एवढे मोकळे एकाच वेळी कधीच नसतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिले पंधरा दिवस पुस्तकवाटपात, हजेरीपटात आणि प्रवेशोत्सवात जातात. जुलैत पाऊस. १ ऑगस्टला बंदी उठते, होड्या पुन्हा लोटल्या जातात, आणि त्या आठवड्यात नववीची पहिली घटक चाचणी असते.